मोकळ्या दांड्याची तालीम

कर्नाळा किल्ल्याच्या पायथ्याशी, शिरढोणात जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी पुण्यात लहुजी वस्तादांच्या तालमीत शरीर कमावले, याचा अभिमान या परिसरातील व्यायामशिक्षक बाळगतात, आणि तो सार्थच आहे. परंतु हलक्या जोडीवर हात बसल्यावाचून भारी मुद्गल हाती न देण्याची तालमीची जी शहाणी रीत, ती पनवेलपासून कर्नाळ्यापर्यंतच्या नव्या व्यायामशाळांतून हद्दपार होत चालली आहे, हे खेदाने नमूद करणे भाग आहे.

गेल्या पंधरवड्यात अशाच एका ठिकाणी जेमतेम अठरा वर्षांचा तरुण चाळीस किलोंचा दांडा खांद्यांवरून डोक्यावर रेटताना पाहिला. हनुवटी मागे घेऊन वाट मोकळी करण्याऐवजी त्याने दांडाच चेहऱ्याला वळसा घालून पुढे नेला. त्यासरशी भार चवड्यांवर आला, कंबर धनुष्यासारखी मागे वाकली, कोपर अर्धवट दुमडलेलेच राहिले, आणि सोबती ‘अजून एक, अजून एक’ म्हणत होते. शिक्षक जवळच उभे राहून आकडे मोजत होते.

दांड्याने सरळ जावे आणि मस्तकाने बाजूस व्हावे, हे या विद्येचे मर्म होय. मनगट कोपराच्या बरोबर वर उभे, नितंब आवळलेले, श्वास पोटात कोंडलेला, अशा स्थितीतून दांडा कपाळापुढून वर सरकला की डोके दोन्ही बाहूंच्या चौकटीत परत यावे, कोपर पूर्ण ताठ व्हावेत, आणि दांडा पावलाच्या मध्याच्या वर स्थिरावावा. मागे झुकण्याचा दोष क्षुल्लक समजू नये. भारोत्तोलनाच्या स्पर्धांत त्याचे प्रमाण इतके बळावले की पंचांना निवाडा देणे दुष्कर झाले आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर खांद्यांवरून भार डोक्यावर रेटण्याचा ‘प्रेस’ हा प्रकारच स्पर्धेतून काढून टाकण्यात आला. विशीत याच दोषापायी मी वर्षभर कमरेच्या दुखण्याने खाटेला खिळलो होतो, म्हणून हे अधिक कळकळीने लिहितो आहे.

आणि तंत्र पक्के झालेल्या माणसालाही हा भार सवलत देत नाही. सांगलीचे भारोत्तोलक संकेत सरगर यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवले. क्लीन अँड जर्कच्या, म्हणजे भार आधी खांद्यांवर घेऊन मग डोक्यावर नेण्याच्या प्रकाराच्या, दुसऱ्या प्रयत्नात, १३९ किलोंखाली, त्यांचा उजवा कोपर दुखावला, आणि सुवर्णपदक अवघ्या एका किलोने हुकले. जेथे वर्षानुवर्षांच्या सरावाने घडलेला सांधाही दगा देतो, तेथे चार दिवसांच्या नवख्याचा कोपर आपण कोणाच्या भरवशावर भाराखाली देतो?

म्हणून माझी व्यवसायबंधूंना आणि भगिनींना विनंती आहे, की नवख्याला निदान सहा आठवडे केवळ मोकळ्या दांड्यावर ठेवावे. पुरुषांचा स्पर्धेचा दांडा २० किलोंचा आणि स्त्रियांचा १५ किलोंचा असतो. तोही ज्यांना जड वाटेल त्यांच्या हाती लाकडी काठी द्यावी, त्यात कमीपणा काही नाही. प्लेट चढवण्याचा निर्णय विद्यार्थ्याच्या हौसेवर सोडू नये. आणि तो उचलत असताना त्याच्या समोर उभे राहू नका. कुशीला, तीन-चार पावलांवर उभे राहा. दांड्याची वाट तेथूनच दिसते.