ताईत गेला, चुंबकाची गादी आली!

सफाई खात्यातून निवृत्त झालेले एक काका मध्यंतरी आमच्याकडे सल्ल्यासाठी आले. फंडाच्या पैशातून त्यांनी चुंबकीय गादी घेतली होती. तिच्यावर रोज झोपले की साखर आपोआप उतरते, असे त्यांना सांगण्यात आले होते. काकांनी गोळ्या बंद केल्या. पायाची जखम चिघळली तेव्हा कुठे ते सरकारी दवाखान्यात पोचले. गादी विकणारा कोण? वस्तीतलाच, 'जयभीम' करून घरात शिरणारा तरुण! आणि गादी खपवण्याची सभा कुठे झाली? आपल्याच समाजमंदिरात!

१९५६ साली नागपुरात आपल्या आईवडिलांनी गंडेदोरे, अंगारेधुपारे मागे टाकले. तेच आज मागच्या दाराने घरात येत आहेत. मंत्राऐवजी आता 'आयन', 'क्वांटम', 'बायो-एनर्जी' असे शब्द पुटपुटले जातात, एवढाच फरक!

अमेरिकेत 'क्यू-रे' नावाचे कडे असेच खपत होते. ते घातले की दुखणे जाते, असा दावा होता. मेयो क्लिनिकने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत सांधे-स्नायू दुखणारे ६१० लोक होते. निम्म्यांना ते कडे दिले, निम्म्यांना तसेच दिसणारे साधे. चार आठवड्यांनी दोन्ही गटांना सारखाच आराम वाटला. म्हणजे गुण कड्याचा नव्हताच! पुढे प्रकरण कोर्टात गेले. 'आयनयुक्त' हा शब्द लक्षात ठेवायला सोपा म्हणून निवडला, हे तिथे उघड झाले. 'लोकांना बरे वाटते ना?' हा विक्रेत्यांचा बचाव २००८ साली अपील न्यायालयाने फेटाळला. मनाच्या समजुतीने बरे वाटते म्हणून खोटे बोलून माल विकता येत नाही, असा त्या निकालाचा अर्थ आहे.

आपल्याकडेही कायदा आहे. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात ताईत-कवच तर येतातच. पण शरीराच्या क्रियेवर परिणाम करण्यासाठी म्हणून विकलेली वस्तूही 'औषधा'च्या व्याख्येत येते. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला या कायद्याने बंदी आहे. फसलेल्याला जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते; वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पण पावती हवी. काकांकडे पावती नव्हती!

गादी विकणाऱ्या तरुणावर आम्ही राग धरत नाही. हाताला काम नाही, म्हणून तो साखळीत शिरला. आधी स्वतः कर्ज काढून गादी घेतली, मग ओळखीच्या दारांवर फिरू लागला. वरचे मालामाल झाले. खाली आपलाच माणूस आपल्याच माणसाला बुडवत राहिला.

म्हणून बांधवांनो, समाजमंदिराची किल्ली अशा सभांना देऊ नका. विकायला येणाऱ्याला विचारा : चाचणी कुणी केली? किती रोग्यांवर केली? पक्की पावती देणार का? आणि कुणीही काहीही सांगो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळी बंद करू नका. गादीचे पैसे कदाचित परत मिळतील. गेलेला पाय परत मिळत नाही.