राष्ट्रपतिपदाचे उमेदवार : डावे की उजवे?

मंडळी, राष्ट्रपतिपदाची निवडणूक आपल्या दाराशी कधी येत नाही. ना भोंगा, ना सभा, ना बोटाला शाई. तरीही आपले मत तिथे जाते. पांढुर्णा आणि सौंसरचे विधायक आपल्या वतीने मत देतात. २०२२ च्या निवडणुकीत मध्य प्रदेशातल्या एका विधायकाच्या मताचे मूल्य १३१ होते. हद्द ओलांडून काटोल किंवा वरूडला गेले की विधायकाचा आमदार होतो आणि मताचे मूल्य १७५ होते. १९७१ च्या जनगणनेवरून हा हिशेब केला जातो. पुढची निवडणूक २०२७ मध्ये यायची आहे. तेव्हा उमेदवारांची नावे जाहीर झाली की चहाच्या टपरीवर आणि घरातल्या मोबाइलवर पहिला प्रश्न तोच येईल : हा डावा की उजवा?

हे डावे-उजवे मूळचे फ्रान्सचे. १७८९ साली तिथल्या सभेत राजाच्या बाजूचे लोक अध्यक्षांच्या उजवीकडे बसले, विरोधातले डावीकडे. आपल्या हिंदी वर्तमानपत्रांत तेच वामपंथी आणि दक्षिणपंथी झाले. मराठीत मात्र ‘डावे-उजवे करणे’ म्हणजे भेदभाव करणे, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

माणूस कुठल्या बाजूचा हे ओळखायची आपली सवयीची रीत म्हणजे त्याच्या मागे कोण उभे आहे ते पाहणे. ही रीत किती पुरते, हे तपासायला १९६९ ची निवडणूक फार चांगली आहे. त्या निवडणुकीत आपला एक मराठी माणूसही उभा होता.

राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी निधन झाले. काँग्रेसच्या जुन्या नेत्यांनी, ज्यांना ‘सिंडिकेट’ म्हणत, नीलम संजीव रेड्डींना उमेदवार केले. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी अपक्ष उभे राहिले. त्यांनी पद सोडले तेव्हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला महिनाभर हंगामी राष्ट्रपती होते. एके काळी ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. नागपूर आपली राजधानी होती, तेव्हाची ही गोष्ट. तिसरे उमेदवार चिंतामणराव देशमुख. त्यांना स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांचा पाठिंबा होता.

पाठीराखे पाहून लोकांनी तिघांची जागा लगेच ठरवली. गिरींमागे दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, म्हणून ते डावे. देशमुखांमागे स्वतंत्र आणि जनसंघ, म्हणून ते उजवे. रेड्डी मधले, पण उजवीकडे झुकलेले. त्याच वर्षी १९ जुलैला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. त्यामुळे बँका सरकारच्या असाव्यात की नाही, हाच त्या वेळी डाव्या-उजव्याचा काटा होता.

आता याच काट्यावर तिघांनी केलेली कामे ठेवून पाहू.

चिंतामणराव देशमुख आय.सी.एस. होऊन आपल्याच जुन्या मध्य प्रांतात नोकरीला लागले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, १ जानेवारी १९४९ ला, रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली. ते अर्थमंत्री असताना १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. म्हणजे तुमच्या-आमच्या घरातली एल.आय.सी.ची पॉलिसी आणि स्टेट बँकेचे पासबुक, दोन्हींवर या ‘उजव्या’ उमेदवाराचा हात फिरलेला आहे.

रेड्डी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री होते. खासगी बसमार्ग सरकारकडे घेण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ताशेरे मारल्यावर १९६४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तिथेही विषय राष्ट्रीयीकरणाचाच.

गिरी आयुष्यभर कामगार संघटनांत राहिले. केंद्रात मजूरमंत्री असताना बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा निवाडा सरकारने बदलला, म्हणून १९५४ मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्या वेळी अर्थमंत्री देशमुखच होते. इथे मात्र दोघांतला फरक खरा दिसतो. एकाचा जीव बँकेतल्या कर्मचाऱ्यात, दुसऱ्याचा बँकेच्या हिशेबात. पण हा फरक पाठीराख्यांच्या यादीतून कळत नाही, कामातून कळतो.

देशमुखांनीही दोन वर्षांनी राजीनामा दिला, पण कारण वेगळे होते. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचे ठरले, म्हणून १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. हा राजीनामा डावीकडे लिहायचा की उजवीकडे? दोन्हीकडे बसत नाही. तो भाषेचा आणि प्रदेशाचा प्रश्न होता. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. अशा प्रश्नाचे वजन आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

मतमोजणीनेही तेच दाखवले. पहिल्या पसंतीची मते गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ अशी होती. निवडून यायला ४,१८,१६९ हवी होती. मग मागचे उमेदवार बाद होत गेले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. शेवटी गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले, रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. देशमुखांची बरीच मते अपेक्षेप्रमाणे रेड्डींकडे गेली. पण गिरींना या फेऱ्यांत १८,५६२ मते मिळाली, आणि बाकीच्या सगळ्या किरकोळ उमेदवारांची मिळून साडेआठ हजारच होती. म्हणजे ‘उजव्या’ देशमुखांना पहिली पसंती देणाऱ्यांकडून किमान दहा हजार मतमूल्य ‘डाव्या’ गिरींना मिळाले. मतदान गुप्त असते आणि या निवडणुकीत पक्षाचा व्हिप चालत नाही. माणूस एकटा मतपत्रिकेसमोर उभा राहिला की सरळ रेषेत चालत नाही.

ही १९६९ ची नवलाई होती असेही नाही. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटलांना डाव्या पक्षांनी पाठिंबा दिला आणि भाजपची मित्र असलेल्या शिवसेनेनेही दिला, मराठी म्हणून. २०२२ मध्ये डाव्या पक्षांनी यशवंत सिन्हांना मत दिले. ते वाजपेयी सरकारचे अर्थमंत्री होते. काँग्रेसबरोबर झारखंडात सत्तेत असलेल्या झारखंड मुक्ती मोर्चाने द्रौपदी मुर्मूंना मत दिले, कारण आदिवासी समाजातील महिला त्या पदावर जाणार होती. पाठिंब्यामागे विचार असतो, नाते असते, सोय असते, आणि कधी समोरच्याला पाडायची घाईही असते.

आपल्या गोटमारीचेच पाहा. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. त्या दिवशी माणूस कुठल्या काठावर उभा आहे यावरून त्याचे घर कुठे ते कळते. तो शेजारधर्म पाळतो का, त्याच्या शब्दाला किंमत आहे का, हे काठावरून कळत नाही. तरी दगड काठ पाहूनच भिरकावला जातो. राजकारणात डावा-उजवा हा शब्द आपण पुष्कळदा तसाच भिरकावतो.

मग हे शब्द टाकून द्यायचे का? नाही. पैसा, जमीन, मजुरी, सरकारचा वाटा याबद्दल माणसाचे मत काय, हे विचारायला ते उपयोगी आहेत. २००२ मध्ये डाव्यांनी कलामांविरुद्ध कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना उभे केले, तेव्हा बाजू स्पष्टच होती. फक्त प्रश्नांचा क्रम बदलायला हवा. पहिला प्रश्न, हातात सत्ता होती तेव्हा याने काय केले? दुसरा, कशासाठी पद सोडले, किंवा सोडायला हवे असताना धरून ठेवले? मागे कोण उभे आहे, हा प्रश्न तिसरा, आणि त्याबरोबर ‘का उभे आहे’ हेही विचारायचे.

आपल्या राष्ट्रपतींच्या बाबतीत दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे. अमेरिकेचा अध्यक्ष स्वतः सरकार चालवतो, त्यामुळे तिथे धोरण आधी पाहावे लागते. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. फार तर एकदा सल्ला फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. बहुमत कुणालाच नसेल तेव्हा आधी कुणाला बोलवायचे, हे मात्र त्यांना ठरवावे लागते. अशा वेळी माणूस कुठल्या बाजूचा यापेक्षा तो वाकतो की नाही, हे महत्त्वाचे ठरते.

१९६९ च्या तिघांनीही कधी ना कधी खुर्ची सोडून दाखवली होती. २०२७ ची नावे येतील तेव्हा घरातल्या मुलांना हाच प्रश्न आधी विचारायला सांगा. आणि आपले विधायक भेटले तर त्यांनाही विचारा, १३१ चे ते मत कशाच्या आधारावर देणार?