बनियनला सर्व्हर कशाला?

परवा बाबांना २४ तासांसाठी होल्टर लावला होता. छातीला चिकटवलेले इलेक्ट्रोड, लोंबणाऱ्या वायरी, कमरेला डबी आणि वर "आज आंघोळ नाही" अशी ताकीद! रात्री कूस बदलताना वैतागून म्हणाले, "अरे, तुम्ही एवढे कॉम्प्युटरवाले, हे सगळं बनियनमध्येच का नाही बसवत?"

म्हटलं, "बाबा, बसवलंय. कधीच!"

खरंच. १९९६ साली अमेरिकन नौदलाच्या पैशांवर अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये सुंदरेसन जयरामन यांनी असा शर्ट करायला घेतला. उद्देश सैनिकांसाठी. कापडात विणलेला ऑप्टिकल फायबर जिथे तुटेल तिथे गोळी लागली असं समजायचं, आणि बाकीचे सेन्सर ठोके नि श्वास मोजणार. नाव काय, तर वेअरेबल मदरबोर्ड.

मग इतक्या वर्षांनी तो आपल्या कपाटात का नाही? पहिलं कारण साधं आहे. कपडा धुवावा लागतो. वीज वाहून नेण्यासाठी धाग्यावर बऱ्याचदा चांदीचा मुलामा असतो, आणि आपल्याकडे त्याची गाठ साबण, ब्रश, पिळणं आणि कडक उन्हाशी! शिवाय ईसीजी हवा तर कापड अंगाला घट्ट बसलं पाहिजे. जरा सरकलं की सिग्नलपेक्षा नॉइजच जास्त.

पण हे प्रश्न सुटतील. मला भीती आपल्याच धंद्याची वाटते, म्हणजे सॉफ्टवेअरची. गुगल आणि लिव्हाइसने २०१७ मध्ये जॅकार्ड नावाचं जॅकेट ३५० डॉलरना विकलं. बाहीवर बोट फिरवलं की फोनवरचं गाणं बदलायचं. २०२३ मध्ये त्याचं अ‍ॅप बंद झालं. जॅकेट धडधाकट, बाही मात्र मुकी! गाण्याचं ठीक आहे हो. पण उद्या एखाद्याच्या हृदयावर नजर ठेवणारा शर्ट असाच मुका झाला तर?

दुसरं उदाहरण आऊलेटच्या मोज्याचं. बाळाची नाडी आणि ऑक्सिजन मोजणारा. हे वैद्यकीय उपकरण आहे, मंजुरीशिवाय विकता येणार नाही, असं अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये बजावलं. कंपनीने विक्री थांबवली, सुधारित मोजा तपासायला दिला आणि २०२३ मध्ये मंजुरी मिळवली. म्हणजे सरळ रस्ता आहे, फक्त लांबचा आहे.

आणि आता आपल्याबद्दल. समजा, उद्या एचआरने 'वेलनेस'च्या नावाखाली असे टी-शर्ट फुकट वाटले. घ्याल? रिलीजच्या आदल्या रात्री झोप लागली नाही, मॅनेजरचा फोन आला की ठोके वाढतात, हे सगळं कुठल्या डॅशबोर्डवर जाणार? २०२३ चा आपला डेटा संरक्षण कायदा संमतीवर भर देतो. पण अप्रेझलच्या तोंडावर दिलेली संमती किती खरी, हे तुम्हीही जाणता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. असा कपडा जरूर यावा, बाबांसारख्यांना तो हवाच आहे. पण तो सर्व्हरशिवाय चालला पाहिजे, त्यातले आकडे आधी अंगावर घालणाऱ्याला दिसले पाहिजेत, आणि पुढे कुणाला द्यायचे ते त्यानेच ठरवलं पाहिजे. हे जमत नसेल तर होल्टर परवडला. निदान २४ तासांनी काढून देता येतो.

असो. सकाळी डबी परत केली. बाबांनी घरी येऊन आधी मनसोक्त आंघोळ केली आणि आपला जुना, भोकं पडलेला बनियन चढवला. तो कुणाला काही सांगत नाही.