भिंतीवरची घडवंची

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात मेथी घ्यायला गेले होते. परतताना भंगारवाल्याच्या काट्यावर एक पितळी गुंड आडवा पडलेला दिसला. बुडाशी हरभऱ्याएवढं भोक, पोटाला दोन पोचे आणि दोर घासून घासून गुळगुळीत झालेला गळा. मी किंमत विचारली, तर तो म्हणाला, “काहून घेऊन राहिल्या ताई? भोक हाये त्याले. पाणी नाही राहत.” म्हटलं, पाणी भरायचंच नाही. मोडीच्या भावाने तोलून घेतला आणि पिशवीत खाली गुंड, वर मेथी असं घरी आले.

वर्षभरापासून घरात एक फळी भरते आहे. तिच्यावरची ही पाचवी वस्तू.

सजावटीच्या मासिकांत समुद्रकाठच्या जुन्या घरांचे फोटो येतात, ते मला मनापासून आवडतात. पांढऱ्या-निळ्या फळ्या, दोरखंडाची वेटोळी, शंख, बोटीवरचा कंदील, हिरवट काचेचे गोळे. हे गोळे जाळी तरंगत ठेवण्यासाठी असत. नॉर्वेत 1840 च्या सुमारास ते करू लागले, पुढे जपानी कोळ्यांनी ते भरमसाट वापरले, आणि जाळ्यांतून सुटलेले गोळे वाहत वाहत पॅसिफिकच्या पलीकडच्या काठाला लागत राहिले. तिथल्या माणसाने सकाळी वाळूत सापडलेला गोळा उचलून फळीवर ठेवला, तर ती त्याच्या दारातली वस्तू असते. मी मात्र इथे बसून शंख-शिंपले विकत आणले तर ते कुणाच्या दारातले? समृद्धी महामार्गाने मुंबई आता एका दिवसात गाठता येते, तरी आमचं पाणी समुद्राचं नाही. आमचं पाणी अडाण नदीचं, आणि त्याहून जास्त विहिरीचं. पाणवठ्याच्या वस्तू मांडायच्या तर त्या आपल्याच पाणवठ्याच्या हव्यात.

आणि त्या काय कमी आहेत? गुंड, घागर, कळशी, गडवा, गंगाळ, पोहरा. विहिरीत पडलेली बादली काढायचा लोखंडी गळ. हे सगळं आज माळ्यावर आहे, नाहीतर भंगारात.

आजीच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशी घडवंची होती. लाकडाची, चार पायांची. तिच्यावर पाण्याची भांडी ओळीने, प्रत्येकाचं तोंड झाकलेलं. आतली भिंत चुन्याची, आणि पोळ्याआधी रंगवताना चुन्यात नीळ पडायची. त्या निळसर भिंतीपुढे पितळ जसं दिसायचं, तसं मी पुन्हा कुठे पाहिलं नाही. मासिकातला पांढरा-निळा रंग मला ओळखीचा वाटतो, तो त्या भिंतीमुळे. म्हणून फळीमागच्या भिंतीला डिस्टेंपर न देता चुनाच दिला, नीळ घालून. पहिला हात फार गडद झाला. वाळल्यावर फिका पडला आणि हवा तो रंग आला.

फळी जुन्या दाराच्या सागवानी चौकटीची. पितळ जड असतं, त्यामुळे लाकडी गुट्ट्यांवर भरवसा न ठेवता लोखंडी कोन भिंतीत खोल बसवून घेतले. मधोमध मोटेचं चाक आहे. तेही भंगारातलं, किंबहुना सरपणातलं, कारण ते फोडायलाच काढलं होतं. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: चामड्याच्या मोटेला दोन दोर. जाड तो नाडा, तो विहिरीच्या तोंडावरच्या या चाकावरून जायचा. बारीक तो सोल, तो मोटेच्या सोंडेला बांधलेला आणि खाली कण्यावरून फिरायचा. बैल धावेवरून उतरले की मोट वर यायची आणि सोंड थारोळ्यात रिकामी व्हायची. विजेचे पंप आले आणि चाकं निघाली. माझ्याकडच्या चाकाला नाड्याने पाडलेली खाच बोटभर खोल आहे. एका बाजूला जास्त, कारण नाडा तिकडे ओढत असणार. ती खाच पडायला किती बैलजोड्या लागल्या असतील, याचा विचार करत मी कितीदा तरी तिच्यातून बोट फिरवलं आहे.

एक चूक मात्र माझ्या जिवाला लागून राहिली आहे. पहिली कळशी आणली ती काळवंडलेली होती, म्हणून एका दुकानात पॉलिशला दिली. तिथे ती यंत्राच्या चाकावर घासली गेली. परत आली तेव्हा आरशासारखी लखलखत होती. पण काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव पुसलं गेलं होतं. लग्नात आंदण म्हणून दिलेल्या भांड्यावर नाव घालायची आपल्याकडे रीत. कुणा बापाने लेकीला दिलेली ती कळशी. देणाऱ्याचं नाव त्या पितळावर जितकी वर्षं टिकलं, ते मी एका दुपारीत घालवलं.

तेव्हापासून भांडं घरीच पुसते. आधी ओल्या फडक्याने. हिरवा कळंक दिसला तर तेवढाच चिंचेच्या कोळाने काढते, कारण तो विषारी आणि हाताला लागणारा. बाकी काळपटपणा राहू देते. आतल्या बाजूला आमच्या विहिरींच्या जड पाण्याने पांढरं कडं धरलेलं असतं. त्याला चिंच लावायची नाही, आंबटाने क्षार विरघळतो. ते कडं म्हणजे पाणी कुठपर्यंत भरत होते त्याची खूण. नव्या गुंडावर नाव आहे. इथे लिहीत नाही, ते घर अजून नांदतं आहे.

पुण्यात दिनकर केळकरांनी घरोघर फिरून असेच दिवे, अडकित्ते, भांडी गोळा केली आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभं केलं. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करणारा हा माणूस रोजच्या वापरातल्या वस्तूपुढे थांबायचा, म्हणून ती वितळवली गेली नाही. शुक्रवार पेठेतल्या त्या दालनांत फिरताना मला सारखं वाटत होतं, यातलं थोडं तरी ज्या त्या गावात राहायला हवं. वऱ्हाडातला गुंड वऱ्हाडातल्या भिंतीला.

तर तो भोकाचा गुंड फळीवर ठेवला, पण बूड गोल, त्यामुळे उभा राहीना. अडाणच्या पात्रातले चपटे गोटे आणून खाली टेकू दिले, तरी तो एका अंगाला कलायचा. परवा शेजारच्या आजी आल्या. चहा होईपर्यंत फळीकडे पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, “चुंबय कुठी हाये वं याची?”

मला सुचलंच नव्हतं. त्यांनी घरातलं जुनं लुगडं मागितलं. काठाची पट्टी फाडली, पिळली, दोन बोटांवर गुंडाळली आणि टोक आत खोचलं. मिनिटसुद्धा लागलं नाही. गोटे बाजूला सारून चुंबळ फळीवर ठेवली, गुंड तिच्यावर दाबून बसवला आणि गडवा उपडा करून त्याच्या तोंडावर ठेवला. मग चहा घेतला.