अंगावर पित्त उठले, साखरेचा काय दोष?

अंगावर पित्त उठले की घरात पहिला बळी जातो तो साखरेचा. मागे एक भगिनी दवाखान्यात आल्या. तीन महिने अंगावर गांधी उठत होत्या. शेजारणीच्या सांगण्यावरून त्यांनी साखर सोडली, गूळ धरला. मग गूळ सोडून मध आणला. शेवटी साखरेऐवजी गोड गोळ्या! गांधी तशाच, वजन मात्र चार किलो उतरले.

कातडीतील काही पेशी हिस्टामिन नावाचे रसायन सोडतात, त्यानेच खाज सुटते आणि गांधी उठतात. हे रसायन काही पदार्थांतही असते. प्रथिनांवर जंतूंची क्रिया झाली की ते वाढते. म्हणून नीट न राखलेली मासळी, जुने चीज, दारू यांत ते जास्त. ते शिजवूनही जात नाही. पण साखरेत प्रथिनच नाही, मग हिस्टामिन येणार कुठून?

गूळही मुख्यतः साखरच. ताजा, कोरडा असेल तर खुशाल खा. पण मधुमेहींनी त्याला औषध समजू नये. मधात परागकण असतात, ते एखाद्याला सोसत नाहीत. वर्षाच्या आतील बाळाला तर मध चाटवूच नये. गोड गोळ्यांनी पित्त बरे होत नाही. वजन आटोक्यात ठेवण्यासाठीही त्या वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली सुचवले आहे.

माझे मत स्पष्ट आहे : साखर बदलत बसू नका, कमी करा. सगळे धरून दिवसाला पाच-सहा लहान चमचे पुरेत. हिस्टामिनचे पथ्य करायचेच तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन-चार आठवडे करून पाहावे. गुण आला नाही तर सोडून द्यावे. जन्मभर पथ्य करून अंगात अशक्तपणा मात्र येतो.

सहा आठवड्यांहून जुन्या पित्ताचे कारण क्वचितच ताटात सापडते. या भगिनी गुडघ्यांसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेत होत्या. अशा गोळ्यांनी पित्त चाळवते. त्या बंद केल्या, रोज एक पित्तशामक गोळी सुरू केली, महिन्याभरात आराम पडला. आता त्या साखरेचा चहा घेतात.

मात्र ओठ-जीभ सुजली, घशाशी आवळल्यासारखे झाले, श्वास लागला, तर आमसूल चोळत बसू नका. तडक रुग्णालय गाठा.