घरची मोटार बंद मार्गावर

गेल्या महिन्याच्या टपालांत एका वाचक-भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वीं नोकरीस लागला. स्वतःच्या मिळकतींतून त्यानें एक लहानशी मोटार घेतली. आणि आतां ती मोटार घेऊन चेन्नईजवळील शर्यतीच्या मार्गावर एक दिवस जाऊन येण्याचा त्याचा बेत आहे. "शर्यत नव्हे, नुसता सराव," असें तो आईस समजावतो. वडिलांनीं साफ नकार दिला आहे, आणि पंधरा दिवस झाले, पितापुत्रांत मोजकेंच बोलणें चाललें आहे. "हा केवळ पोरकटपणा आहे कीं ह्यांत कांहीं तथ्य आहे, हें निष्पक्षपातानें सांगावें," अशी त्या भगिनींची विनंति आहे. प्रश्न एका घरचा असला तरी तो आतां अनेक घरांच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला आहे. म्हणून ह्या महिन्याचें सदर त्यालाच वाहिलें आहे.

प्रथम, मुलगा म्हणतो तें खरें आहे. मोटारीसाठीं मुद्दाम बांधलेला पहिला बंद मार्ग इंग्लंडांत ब्रुकलंड्स येथें १९०७ सालीं उघडला. जर्मनींतील न्यूरबुर्गरिंगचा मार्ग १९२७ सालीं तयार झाला, त्याच्या २०.८ किलोमीटर लांबीच्या उत्तर-वळशावर सामान्य गृहस्थ आजहि ठराविक दिवशीं पैसे भरून आपली नेहमींची मोटार चालवितो. आपल्या देशांत चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें मद्रास मोटार स्पोर्ट्स क्लबाचा ३.७ किलोमीटरांचा मार्ग आहे, कोइमतूरजवळ करी मोटार स्पीडवे आहे आणि ग्रेटर नोएडा येथें ५.१२५ किलोमीटरांचा बुद्ध मार्ग आहे. अशा ठिकाणीं हौशी चालकांसाठीं जे दिवस योजतात त्यांत बक्षीस नसतें, पहिला-दुसरा क्रमांक नसतो. दुसऱ्यास मागें टाकावयाचें तें सरळ रस्त्यावरच आणि पुढच्यानें हातानें खूण केल्यावरच, असा बहुधा नियम असतो. समोरून वाहन येत नाहीं, पादचारी नाहीं, गुरें नाहींत. रुग्णवाहिका मात्र उभी असते.

वेगाची ओढ तरुण वयांत असावयाचीच. ती कोठें भागवावी एवढाच प्रश्न उरतो. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर मध्यरात्रीं ती भागविणारा स्वतःचाच नव्हे, तर दुसऱ्याच्या मुलाबाळांचाहि जीव पणास लावतो; आणि सार्वजनिक रस्त्यावर शासनाच्या संमतीवांचून वेगाची चढाओढ करणें हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमान्वयें गुन्हा आहे. तेव्हां कुंपणाच्या आंत, नियमांखालीं जाऊं पाहणारा मुलगा अविचारी नव्हे. परंतु त्यानें काय तयारी केली आहे, हें विचारण्याचा हक्क आईबापांस आहे. ती तयारी कोणती, तें आतां पाहूं.

बहुतेक तरुणांची कल्पना अशी असते कीं, मार्गावर जावयाचें म्हणजे इंजिनाची शक्ति वाढवावयाची. हा क्रम उलटा आहे. घरच्या मोटारीस धांवणें चांगलें येतें. तिला येत नाहीं तें पुनःपुन्हां थांबणें. एक हिशेब देतों. चालकासह अकराशें किलो वजनाची मोटार ताशीं १४० किलोमीटर वेगावरून ६० वर आणली, तर त्या तीन-चार सेकंदांत जी उष्णता निर्माण होते तिनें सव्वादोन लिटर थंड पाण्यास उकळी फुटेल. ही उष्णता मुख्यतः पुढच्या दोन चाकांच्या ब्रेकांत सांठते. शहरांत अशी वेळ महिन्यांतून एकदां यावयाची. बंद मार्गावर ती मिनिटा-दीड मिनिटानें येते, आणि मध्यें गार होण्यास फुरसत मिळत नाहीं.

ह्याचा अनुभव मीं स्वतः घेतला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका मार्गावर पांचव्या फेरीस एका वळणापूर्वीं ब्रेकवर पाय दिला, तों तो लोण्यांत रुतावा तसा तळापर्यंत गेला. दोनतीनदां घाईनें दाबल्यावर थोडा जोर आला. तरी गाडी वळण चुकून बाजूच्या मातींत शिरली व तेथें थांबली. इजा झाली नाहीं, पण त्या दोन सेकंदांत घरची सर्व माणसें डोळ्यांपुढें उभीं राहिलीं. मागाहून कारण कळलें. ब्रेक-ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ४ जातीचें नवें ऑइल २३० अंशांपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. तेंच ओलावा शोषून जुनें झालें कीं हा दंडक १५५ अंशांवर येतो. ऑइल उकळलें कीं नळींत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोंचतच नाहीं. ज्या कारखान्यांत मीं गाडी तपासण्यास दिली होती तेथील पावतीवर "ब्रेक-ऑइल तपासलें" असें लिहिलें होतें. तें खोटें नव्हतें. त्यांनीं पातळी पाहिली होती, व ती बरोबर होती. ऑइलाचें वय मात्र त्यांनीं पाहिलें नाहीं, आणि मींहि विचारलें नाहीं.

म्हणून पहिला खर्च ब्रेकांवर करावा. जाण्यापूर्वीं आठवडाभरांत सर्व ऑइल काढून, गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या जातीचें, सीलबंद डब्यांतील नवें घालावें व नळ्यांतील हवा पूर्ण काढवावी. डॉट ५ हें सिलिकोनचें निराळें द्रव्य आहे. नांवाच्या साम्यास भुलून तें मिसळूं नये. ब्रेकचे पॅड निम्म्याहून अधिक झिजले असतील तर नवे बसवावे, आणि नवे बसविल्यावर रिकाम्या रस्त्यावर हलक्या हातानें वेग कमी-अधिक करून ते डिस्कवर नीट बसूं द्यावे. कोरे पॅड घेऊन थेट मार्गावर उतरूं नये. लहान गाडीसाठीं हा सारा खर्च एखाद्या नव्या टायराच्या किमतीहून फारसा अधिक होत नाहीं. शक्ति वाढविण्याच्या सामानास ह्याच्या अनेक पट पैसा लागतो, शिवाय नोंदणीपत्राशीं न जुळणारे फेरफार केल्यास कायद्याचें ५२ वें कलम आड येतें तें वेगळेंच.

दुसरें महत्त्व टायरांचें. टायराच्या कडेवर चार आंकडे असतात. '२३२१' म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतील बनावट. नक्षी शाबूत असली तरी रबर वयानें कडक होतें व पकड सोडतें. फुगवटा किंवा चीर दिसल्यास तर त्या टायरावर जाऊंच नये. वेगानें फेऱ्या घेतांना टायर तापून आंतील हवेचा दाब पांच-सहा पौंडांनीं वाढतो. म्हणून प्रत्येक खेपेनंतर दाब मोजून वहींत टिपावा, फार वाढल्यास थोडा कमी करावा, आणि घरीं निघण्यापूर्वीं थंड टायरांत हवा पुनः पूर्ववत् भरावी. ही शेवटची गोष्ट थकलेला मनुष्य हटकून विसरतो, आणि मग परतीच्या हजार-बाराशें किलोमीटरांत टायर फाटतो. चाकांचे नट टॉर्क रेंच नांवाच्या, जोर मोजणाऱ्या पान्यानें पुस्तकांतील आंकड्याप्रमाणें आवळावे. अंदाजावर सोडूं नये.

इंजिनाविषयीं थोडकेंच सांगणें पुरे आहे. इंजिन-ऑइल ताजें व वरच्या खुणेपर्यंत असावें, कारण लांब वळणावर ऑइल एका बाजूस सरतें व पातळी कमी असल्यास पंपाच्या तोंडीं हवा जाते. रेडिएटर, त्याच्या नळ्या आणि पंखा पाहून घ्यावा. पेट्रोल घाटांतल्याहूनहि पुष्कळ अधिक जळतें, हें ध्यानांत ठेवावें.

गाडीच्या आंत जें सुटें आहे तें सर्व बाहेर काढावें: पाण्याच्या बाटल्या, छत्री, पायाखालच्या चटया, स्टेपनी, जॅक. पुढच्या कांचेपाशीं चिकटविलेला गणपतिहि त्या दिवसापुरता आदरानें काढून पिशवींत ठेवावा. जोराच्या ब्रेकास डिंक टिकत नाहीं, आणि मूर्ति चालकाच्या पायांत येऊन पडली तर ब्रेकच अडेल. गाडी ओढून नेण्याची कडी मात्र आधींच पुढें बसवून ठेवावी. गाडीबरोबर आलेला पट्टा सुस्थितींत असल्यास पुरेसा आहे. शर्यतीचे चारपदरी पट्टे घरच्या बैठकीस कसेबसे बांधणें हें संरक्षण नसून नवें संकट आहे. ते योग्य बैठक व मजबूत पिंजरा ह्यांसहच शोभतात. हेल्मेट पूर्ण चेहरा झांकणारें हवें. मोटार-शर्यतीसाठीं प्रमाणित असल्यास उत्तम, कारण त्याच्या अस्तराची आगीविरुद्ध परीक्षा झालेली असते. अंगांत पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पायांत पातळ तळव्याचे बंद जोडे असावे.

आतां चालकाची तयारी. सकाळचें मार्गदर्शन चुकवूं नये. निशाणांचा अर्थ तोंडपाठ हवा. पिवळें म्हणजे पुढें धोका, मागें टाकूं नका. तांबडें म्हणजे खेळ थांबला, सावकाश परत या. निळें म्हणजे मागून अधिक वेगवान् गाडी येत आहे. गाडीस घसरण सांवरणारी विद्युत्-योजना असेल तर ती बंद करूं नये. पहिली फेरी मंद, मधल्या तीन वेगाच्या, शेवटची पुनः मंद, अशी शिस्त ठेवावी, म्हणजे ब्रेकांस गार होण्यास अवसर मिळतो. परतल्यावर हातब्रेक ओढूं नये. गाडी गिअरमध्यें ठेवून चाकाखालीं लाकडी ठोकळा लावावा. ब्रेकवरील पाय जरा मऊ लागूं लागला कीं त्याच क्षणीं बाहेर यावें; "आणखी एकच फेरी" हा मोह सर्वांत महाग पडतो.

शेवटीं विम्याचा प्रश्न. आपल्याकडील नेहमींच्या मोटार-विम्यांतून संघटित शर्यत व वेगाची चांचणी हे उपयोग वगळलेले असतात. तेव्हां मार्गावर जें मोडेल तें स्वतःच्या खिशांतून भरावयाचें, असें धरूनच निघावें. ज्या गाडीचें नुकसान घरास सोसवणार नाहीं, किंवा जी एकटीच घरच्या वृद्धांस दवाखान्यांत नेणारी आहे, ती तेथें नेऊं नये.

भगिनींस माझें सांगणें इतकेंच कीं, मुलास "जाऊं नको" म्हणूं नये, "ब्रेक-ऑइल केव्हां बदललेंस?" असें विचारावें. उत्तर तारखेसकट आलें, तर त्याची हौस जबाबदार आहे असें समजावें. उत्तर न आल्यास बेत महिनाभर पुढें ढकलण्यास सांगावें. आणि वडिलांस माझी विनंति आहे कीं, त्यांनीं टायरांचा दाब टिपण्याची वही हातीं घेऊन बरोबर जावें. मार्गाच्या कडेस उभ्या असलेल्या बापाकडे पाहून मुलाचा पाय योग्य वेळीं ब्रेकवर जातो. आणि घरांत पंधरा दिवस न झालेलें बोलणें परतीच्या वाटेवर आपोआप होईल.