शाळा सोडण्याचे कारण

मैत्रिणींनो,



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शाळा सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. नवी दप्तरं, नव्या वह्या, पटनोंदणीच्या फेऱ्या यांवर वर्तमानपत्रांतून भरपूर लिहून झालेलं असेल. आपण या वेळी शाळा सोडण्याबद्दल बोलू या. आपल्यातल्या अनेकींची शाळा का सुटली, ते कारण कुठे नोंदलेलं आहे आणि त्या नोंदीवर किती विश्वास ठेवायचा, याबद्दल.

गेल्या उन्हाळ्यात मी चार दिवस वटारला होते. वटार हे वसई तालुक्यातलं माझं गाव. नालासोपारा स्टेशनवरून पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने निघालं की आधी इमारतींची दाटी लागते आणि मग केळीच्या वाड्या, विहिरी, बावखलं सुरू होतात. ‘माझं गाव’ हे शब्द मी मुद्दाम वापरते आहे. माझा भाऊ मुंबईहून तिथे जातो तेव्हा तो ‘गावी’ जातो. मी जाते तेव्हा मी ‘माहेरी’ जाते. शब्द बदलला की नातंही बदलतं. गावावर हक्क असतो, माहेरी पाहुणचार असतो. आणि पाहुणचार किती दिवस घ्यायचा, हे पाहुणीने ठरवायचं नसतं.

या वेळी मी गेले ती प्राथमिक शाळेतल्या एका मैत्रिणीसाठी. तिला शेजारच्याच गावात दिलेली. वडील वारले आणि सातबाऱ्यावर वारसनोंद करायची वेळ आली. भावांना कुणी काही विचारलं नाही. मैत्रिणीला मात्र आपण आपल्या बापाची मुलगी आहोत हे कागदावर सिद्ध करायचं होतं. लग्नात तिचं आडनाव गेलं, बापाचं नाव गेलं, आणि सासरच्यांनी हौसेने पाळण्यातलं नावही बदललं. आधारकार्ड, रेशनकार्ड, मतदारयादी सगळीकडे दुसरीच बाई. जन्माची नोंद सापडेना, लग्नाची कधी झालीच नव्हती. तिचं जन्मनाव आणि बापाचं नाव एकत्र लिहिलेला कागद जगात एकाच ठिकाणी होता: शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये.

मुख्याध्यापिका बाईंनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. पानं पिवळी पडलेली, पण शाई शाबूत. नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी व अक्षरी, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक. प्रगती ‘चांगली’. वर्तणूक ‘चांगली’. आणि पुढच्या रकान्यात, शाळा सोडण्याचे कारण: ‘पालकांच्या विनंतीवरून’.

मैत्रीण हसली. म्हणाली, “अगं, विनंती कसली? आईने एक दिवस दप्तर माळ्यावर टाकलं, संपलं.”

चौथी झाली होती तिची. घरातली थोरली. आई पहाटे भाजीची टोपली घेऊन पहिल्या गाडीने मुंबईला जायची. मागे दोन लहान भाऊ, विहिरीचं पाणी, दुपारी मोगऱ्याच्या कळ्या खुडणं, संध्याकाळी त्या मोजून बांधणं. तिच्या या कामावर वाडी चालली आणि वाडीच्या उत्पन्नावर भाऊ शिकले, एक दहावीपर्यंत, दुसरा कॉलेजपर्यंत. माझ्या दाखल्यावर त्याच रकान्यात ‘पुढील शिक्षणासाठी’ असं लिहिलं आहे. माझी हुशारी तिच्यापेक्षा जास्त नव्हती. मी धाकटी होते आणि माझ्या वाटचं काम माझी थोरली बहीण करत होती, एवढाच फरक.

पुढचं शिक्षण घेतलं ती माध्यमिक शाळाही या वेळी पाहून आले. पाऊण तासाची वाट. मुलगे सायकलने जायचे, आम्ही पायी. तेव्हा तिथे मुलींसाठी संडास नव्हता. पाळी आली की चार दिवस घरी, महिन्याचे चार म्हणजे वर्षाचे किती, हे हिशोब मांडायला कुणी गणिताचा शिक्षक पुढे आला नाही. चौथीला आम्ही चौदा मुली होतो, दहावीच्या परीक्षेला त्यातल्या तिघी बसलो. आज त्या शाळेत मुलींची स्वच्छतागृहं आहेत, सायकलींच्या रांगेत मुलींच्या सायकली आहेत, फळ्यावर पहिल्या आलेल्यांत मुलींची नावं आहेत. मुलींचं शिक्षण सरकारने १९८०च्या दशकात मोफत केलं, त्याचा फायदा दिसतो. हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे.

प्राथमिक शाळेतलं चित्र मात्र वेगळं. वर्गात मुली जास्त, मुलगे कमी. मुलगे कुठे गेले म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं, इंग्रजी माध्यमात. ज्या घरात एकाचीच फी परवडते तिथे फी मुलाची भरली जाते आणि मुलगी सरकारी मराठी शाळेत येते. खाजगी शाळांत मुलग्यांचं प्रमाण जास्त असतं हे ‘असर’च्या पाहण्यांतूनही वारंवार पुढे आलं आहे. म्हणजे मुलगी शाळेत आहे, पण घराने पैसा कुणावर लावायचा तो निर्णय जुनाच आहे. त्या वर्गात आणखी काही मुली होत्या, वाड्यांवर मजुरीला येणाऱ्या आदिवासी आणि परप्रांतीय घरांतल्या. कधीकाळी माझी मैत्रीण जी कामं करायची ती आज त्या मुली शाळेआधी आणि शाळेनंतर करतात. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा त्यांना चौदा वर्षांपर्यंत धरून ठेवतो. पंधराव्या वर्षी काय? तेव्हाही कुठल्यातरी रजिस्टरात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असंच लिहिलं जाणार का?

आता दुसऱ्या कागदाबद्दल.

दाखला मिळाला, मैत्रिणीचं नाव वारसांत लागायची सोय झाली. त्याच संध्याकाळी घरातून निरोप आला की नाव लागलं की लगेच हक्कसोडपत्र करून टाकू. हक्कसोडपत्राची भाषा ठरलेली असते. ‘मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाशिवाय...’ वाचताना मला रजिस्टरातला तो रकाना आठवला. नऊ वर्षांच्या मुलीची शाळा सुटते ती पालकांच्या विनंतीवरून, आणि पन्नाशीच्या बाईची जमीन सुटते ती राजीखुशीने. दोन्ही ठिकाणी खरं कारण लिहायला रकानाच नाही.

या पट्ट्यातल्या जमिनीचा इतिहास लक्षात घेतला तर ही गोष्ट जास्तच बोचते. १९८८ साली सरकारने वसईतली जमीन बांधकामासाठी खुली केली, पुढे नियोजन सिडकोकडे गेलं. टँकरवाले वाड्यांतल्या विहिरी उपसून इमारतींना पाणी विकू लागले, विहिरी खाऱ्या होऊ लागल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली ती यातूनच. त्या मोर्चांत बायका मोठ्या संख्येने होत्या, लाल लुगड्यातल्या आज्या होत्या. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली तेव्हा पश्चिमेकडच्या गावांनी विरोध केला, तेव्हाही बायका रस्त्यावर उतरल्या. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. तरीही पश्चिमेला वाड्या उरल्या, त्यात या बायकांचा वाटा मोठा आहे. पण सातबारा काढून बघा. ज्यांनी जमीन राखली त्यांची नावं त्यावर किती सापडतात?

कायदा तर आपल्या बाजूने आहे. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू आहे, त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान आहे. हिंदू कुटुंबांत महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. २०२० साली विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने येतो, २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. धर्म कुठलाही असो, कागदावर मुलगी वारस आहे. अडतं ते कागदानंतर. “भावाशी भांडण करणार का?” “मग माहेर तुटलं समज.” माझ्याही पुढे असा कागद आला होता. मी सही केली नाही. पुढची दोन वर्षं सणाला बोलावणं आलं नाही. तिसऱ्या वर्षी मी न बोलावता गेले, कारण गावी जायला बोलावणं लागत नाही.

प्रत्येकीने हिस्सा मागितलाच पाहिजे असा आग्रह नाही. काहींचे भाऊ खरोखर हलाखीत असतात, काहींनी आईबापांना शेवटपर्यंत सांभाळलेलं असतं. विचार करून, किंमत जाणून सोडलेला हक्क हा निर्णय असतो. न विचारता सोडवून घेतलेला हक्क म्हणजे चौथीतलं माळ्यावर टाकलेलं दप्तर. या दोहोंतला फरक आपल्याला करता आला पाहिजे, आणि तो करण्यासाठी वेळ मिळाला पाहिजे. म्हणून काही साध्या गोष्टी.

आपल्या पहिल्या शाळेत जा आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत काढून ठेवा. गरज पडेपर्यंत थांबू नका, जुनी रजिस्टरं वाळवी आणि पाऊस खातो. लग्नात नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही, हे मुलींना लग्नाआधी सांगा. बदललं असेल तर दोन्ही नावं जोडणारा कागद जपा. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं आणि एकदा नोंदवलं की ते फिरवणं फार अवघड असतं. म्हणून आधी घरी आणा, वाचून घ्या, चार दिवस ठेवा. फेरफाराची नोटीस आली तर हरकत घेता येते, तीही मुदतीत.

माझ्या मैत्रिणीने काय केलं? तिने भावांना सांगितलं की आधी नाव लागू दे, वर्षभर ते सातबाऱ्यावर राहू दे, मग बघू. वर्ष अजून संपायचं आहे. दाखला तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आपल्या कपाटात ठेवला आहे, नवऱ्याच्या नाही.

पुढच्या अंकासाठी आम्हाला तुमची पत्रं हवी आहेत. तुमच्या दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण काय लिहिलं आहे, आणि खरं कारण काय होतं? दोन ओळी लिहा, दोन पानं लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून, सुनेकडून लिहवून घ्या. जो रकाना रजिस्टरात नाही, तो आपण इथे आखू या.

तुमची,
संपादक मंडळासाठी